चिंधी बांधलेली चित्रं

बापूराव गेले त्याच्या आदल्या दिवशी कुणाला वाईट स्वप्न पडलं नव्हतं, की दारात कुत्रं रडलं नव्हतं. डिसेंबरातला साधा शनिवार होता. आंजीहून पहाटे आणलेली वांगी-मेथी वर्ध्याच्या बाजारात विकून, दहाच्या सुमारास ते सिंदी मेघेला लेकीच्या भाड्याच्या घरी आले. दर शनिवारी यायचे, तसेच.

सुरभी त्या दिवशी चित्र काढत नव्हती. जाड खादीवर चित्रं रंगवायची आणि ती विकून जगायचं, हा तिचा धंदा. नोकरी नाही, वर साहेब नाही, त्यामुळे 'यंदा काय केलंस' असं विचारणारंही कुणी नाही. म्हणून वर्षाच्या शेवटी ती स्वतःच स्वतःची मास्तरीण व्हायची. वहीच्या पानावर मधोमध रेघ. डावीकडे 'केलं', उजवीकडे 'राहिलं'.

"काय लिहून राह्यली?" बशीतला चहा फुंकत बापूरावांनी विचारलं.

"वर्षाचा आढावा, बाबा. काय ठरवलं होतं, काय झालं."

"वाच बरं."

"नागपूरले प्रदर्शन, केलं. ऑनलाइन दुकान, केलं. बारा नवी चित्रं, पाचच झाली. दुकानाच्या पाट्या रंगवणं बंद, ते राहिलं."

"पाट्या काऊन बंद? त्या दवाखान्याची पाटी मस्त जमली होती."

"बाबा, ती पाटी होती."

"मंग? लोकं वाचत तरी होते. तुह्या चित्रात काय हाय ते इचारा लागते."

ती हसली. तेही हसले. निघता निघता ते कोपऱ्यातल्या फळीपाशी गेले. तिथं चित्रांच्या गुंडाळ्या उभ्या करून ठेवलेल्या असत. काहीतरी खुडबुड केली, धोतराला हात पुसले.

"येतो मंग. वांग्याले पाणी द्याचं हाय. पुढच्या सालचं लिहून ठेवजो, शनिवारी वाचून दाखव."

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाचा, पियुषचा, फोन आला. बाबा पाणी फिरवता फिरवता बांधावर बसले, ते उठलेच नाहीत.

त्यानंतर वर्षभर सुरभीनं हात थांबू दिला नाही. फुटलेल्या कापसाच्या वावराचं तिचं एक चित्र लोकांना आवडायचं. तेच ती काढत राहिली. लहान, मोठं, उभं, आडवं. त्याला डोकं लागत नव्हतं, हाताला सगळं पाठ झालं होतं. घरोघरी तोच कापूस, तोच मावळता सूर्य.

आणि आता डिसेंबर पुन्हा आला, तर कारंजाजवळ हायवेवर होणाऱ्या एका नव्या हॉटेलला तेच चित्र हवं होतं. चाळीस खोल्या, चाळीस चित्रं, सगळी एकसारखी. काम आणलं होतं गुंजननं. ती नागपूरची, घरं-हॉटेलं सजवण्याचा व्यवसाय करणारी कॉलेजची मैत्रीण.

"सोमवारपर्यंत हो की नाही ते सांग," गुंजन म्हणाली होती. "पूर्ण वर्ष जाईल. पण वर्षभर दुसरं काही बघायलाच नको."

दुसरं काही बघायलाच नको. या वाक्यानं सुरभीला हायसंही वाटलं होतं आणि भीतीही.

शनिवारी सकाळी तिनं वही काढली. 'केलं'ची बाजू पहिल्यांदाच वरपासून खालपर्यंत भरली. 'राहिलं'मध्ये एकच ओळ आली : नवं चित्र, एकही नाही. त्या ओळीकडे ती बराच वेळ बघत बसली. हॉटेलला हो म्हटलं, तर पुढच्या डिसेंबरात हीच ओळ पुन्हा लिहायची होती. आणि नाही म्हटलं, तर नवं येणार होतं कुठून?

जुन्यातलं काही कामाचं निघतं का बघावं, म्हणून तिनं फळीवरच्या गुंडाळ्या खाली घेतल्या. बहुतेकांना तिची सुतळी होती. चार गुंडाळ्यांना मात्र हिरवी चिंधी बांधलेली होती. ही बाबांची. गुंडाळी उलगडू नये म्हणून बाबा मिळेल ते बांधतात, असं तिनं इतकी वर्षं धरलं होतं. चिंधी मऊ असायची, आयती हाताशी यायची. किती चिंध्या सोडून तिनं त्यांना ब्रश पुसले होते, त्याची गणती नव्हती.

तिनं चारही चित्रं फरशीवर पसरली आणि चक्रावली. चारही अर्धवट. एकात ढाब्यामागच्या नळाखाली आंघोळ करणारा ट्रक ड्रायव्हर, डोक्यावर साबणाचा फेस, पण पाय नाहीत. दुसऱ्यात मिरच्या तोडणारी कांता आत्या, बोटं अगदी जिवंत, चेहऱ्याच्या जागी कोरं कापड. तिसऱ्यात एसटी स्टँडवरची नुसतीच बाकं आणि त्यांच्या सावल्या. चौथ्यात बांधाचा एक तुकडा, कडेला न पुसता सोडून दिलेला रंगाचा ओघळ. सुतळीवाली चित्रं मात्र पुरी, नीटनेटकी.

ही सोडून दिलेली चार बाबांनी का निवडावी? शेतातलं आवडलं म्हणावं, तर स्टँडची बाकं कुठून आली? रंग म्हणावा, तर चारही चित्रांचे वेगवेगळे.

तिनं मोबाइलमधले जुने फोटो उघडले. खोलीचे, फळीचे, पाठवायला काढलेल्या चित्रांचे. बोटांनी मोठे करकरून पाहिले. आणखी तीन ठिकाणी हिरवं टोक दिसलं. त्यातली दोन तिनं कुणाकुणाला अशीच देऊन टाकली होती. तिसऱ्यावर पांढरा रंग फासून वर कापूस काढला होता. खूप दिवसांनी तिला कशाचा तरी छडा लावावासा वाटत होता. संध्याकाळी लक्षात आलं, दुपारचं जेवण राहूनच गेलंय.

रविवारी ती चारही गुंडाळ्या घेऊन आंजीच्या एसटीत बसली.

देवकाबाई कुंपणापाशी वाळलेले दोडक्याचे वेल ओढत होत्या. लेकीच्या काखेतली चिंधी त्यांना आधी दिसली, लेक नंतर.

"हे तं माह्या हिरव्या लुगड्याचं! मी म्हणतो, उंदरानं नेलं का काय!"

"बाबांनी बांधलं, आई. चित्राले. काऊन बांधलं असन?"

देवकाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की सुरभीला आपण पहिलीत नापास झाल्यासारखं वाटलं.

"शिकून शिकून येडी झाली तू. दोडक्याले चिंधी कायले बांधते?"

सुरभी जागीच थांबली. आठ वर्षांची असताना चिंधीवाला दोडका तोडला म्हणून याच कुंपणापाशी तिनं धपाटा खाल्ला होता. वेलीवरचं एखादं फळ न तोडता तसंच वाळू द्यायचं आणि कुणी चुकून हात लावू नये म्हणून त्याला चिंधी बांधायची. घरातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. पण कापडाच्या गुंडाळीवर तीच चिंधी दिसली, तेव्हा तिला ती ओळखूच आली नाही.

"बियाले," ती हळूच म्हणाली.

"मंग!"

"मी त्यानं ब्रश पुसले, आई."

देवकाबाई आधी बघतच राहिल्या, मग पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. डोळ्यांना पाणी आलं तरी हसणं थांबेना. "म्हणूनच! बुढ्याले सारं लुगडं कायले लागलं, ते आता कळलं. तू सोडे अन् तो बांधे!"

सुरभीही हसली, पण प्रश्न सुटला नव्हता. तिनं बाजेवर कांता आत्याचं चित्र पसरलं. "पन हे पाहा. तोंडच नाई. चांगली चांगली सोडून हेच काऊन ठेवलं बियाले?"

"चांगलं दिसते ते बाजारात जाते. बियाचं वेगळं पाहा लागते."

"काय पाहा लागते?"

"दोडक्याचं मले इचार. चित्राचं मले काय समजते?" देवकाबाई बाजेच्या कडेला टेकल्या. चित्रातल्या बोटांवरून त्यांनी आपलं बोट फिरवलं. "पन हे कवाचं ते सांगतो. बुढा घरी आला न जेवतानी म्हणे, आज पोरीनं मले पाह्यलंच नाई. अर्धा घंटा बसलो, कांताच्या मिरच्या काढून राह्यली होती. चहा बी नाई मागतला, चुपचाप उठून आलो. मी म्हटलं, बाप दारात अन् पोरगी पाहत नाई, अन् तुमाले त्याचं कौतुक! तं म्हणे, तुले नाई समजत. जवा तिले माणूस दिसत नाई न, तवाचंच काम बियाचं."

सुरभीनं विचारलं, "ड्रायव्हरच्या वेळी?"

"तवाबी. अन् त्या बाकाच्या वेळी तं दोन शनिवार. आला की सांगेच."

म्हणजे ना विषय, ना रंग. आपण चित्रांत शोधत बसलो, आणि खूण चित्रांत नव्हतीच, ती काढणारीत होती. सुरभी चारही कापडांकडे पुन्हा एकेक करून बघत राहिली. मग तिनं फोन लावला.

"गुंजन, हॉटेलवाल्यांना नाही म्हणून सांग."

"वेडी आहेस का? आज रविवारच आहे, उद्यापर्यंत विचार कर."

"झाला करून."

"मग वर्षभर करणार काय? तुझ्या त्या वहीत काहीतरी लिहिलं असशील ना?"

"कांता आत्याचा चेहरा राहिलाय. तेवढंच लिहीन."

"एका चेहऱ्याला वर्ष लागतं?"

"जमेल की नाही तेच माहीत नाही," सुरभी म्हणाली आणि फोन ठेवला.

देवकाबाईंना निम्मं कळलं, निम्मं नाही. त्यांनी वेलीचा गुंता मांडीवर घेतला आणि वाळलेली पानं खुडू लागल्या. थोड्या वेळानं, मान खाली घालूनच, म्हणाल्या, "मनाले लावून घेऊ नको. पाह्यलं नाई, बोलली नाई, याचं त्याले कदी वाईट नाई वाटलं. तुले पत्ताच नसे न तो आल्याचा."

सुरभी ड्रायव्हरचं चित्र गुंडाळू लागली. वर्षभर लोक भेटायला आले, त्यांच्याशीही ती जेवढ्यास तेवढंच बोलली होती. आईचा हात मात्र थांबला होता. लेक काहीतरी सांगणार हे आईला कळलं असावं.

"मले पत्ता राहे, आई," सुरभी म्हणाली. "दर खेपी. पायरीवर बसतानी बाबाचे गुडघे वाजे, ते मले आतून ऐकू ये. मी मान वर केली असती तं त्यायनं चहा घेतला असता, 'येतो' म्हणून निघाले असते. अन् ते उठून गेले की माहा हात थांबे. म्हणून तं ही सारी अर्धीच राह्यली." तिनं हातातली गुंडाळी खाली ठेवली. "मले ते बसलेले पाह्यजे होते. म्हणून मी पाहत नव्हती."