मिग्गिनची बेडी

तुरुंगातलं लोखंड गंजतं. मिग्गिनच्या पायातली बेडी मात्र चकचकीत होती, कारण रोज बायका येऊन तिचे मुके घ्यायच्या.

मिग्गिन आमच्या कार्थेजमधला जोडे शिवणारा. रोमच्या बादशहाचा हुकूम आला, की प्रत्येकानं रोमच्या देवांपुढे चिमूटभर धूप टाकायचा; आम्हा ख्रिस्ताच्या माणसांना ते पाप. मिग्गिननं टाकला नाही, फटके खाल्ले, आत गेला. तेव्हा मी त्याच्यासाठी खरोखर रडले होते. माझ्या धाकट्या बहिणीच्या, अरिशातच्या, कडेवरचं पोर शिपायानं हिसकावलं, तेव्हा ते परत मिळावं म्हणून तिनं धूप टाकला. त्या दिवसापासून प्रार्थनेच्या वेळी तिची जागा दाराबाहेर, पायरीवर. पवित्र भाकरी बंद. आता तिच्या खोकल्यातून रक्त पडत होतं, आणि मरायच्या आधी तिला ती भाकरी हवी होती. दुसरं काही नाही.

ख्रिस्तासाठी ज्यानं मार खाल्ला, त्यानं डोक्यावर हात ठेवला की मंडळी माणसाला परत आत घेते, असं आमच्यात मानतात. बिशप कुठंतरी लपलेले, त्यामुळे तुरुंगातल्या मिग्गिनचा शब्द शेवटचा. मी अरिशातला धरून धरून तिथं नेलं.

तुरुंग कसला, लग्नघर होतं ते. भाजलेल्या कोंबड्या, मधातले खजूर, दारूचे बुधले. सगळं आम्हीच वाहून नेलेलं. पहारेकरी दाराशी बसून तंगडी चघळत होता. मिग्गिनला दुसरी हनुवटी फुटली होती.

"दादा, ही माझी बहीण," मी म्हटलं.

त्यानं बोटं चाटली. "काय आणलंय?"

"सुके अंजीर," अरिशात म्हणाली.

"अंजीर काय, पायलीचे पन्नास पडलेत इथं. बस तिकडं."

तेवढ्यात होनोराताबाई आल्या, तेलाच्या घाण्यांच्या मालकीण. मागे नोकराच्या डोक्यावर माशांची पाटी. धूप टाकायच्या दिवशी ही बाई रांग मोडून पुढे गेली होती, कुणी पोर हिसकावलेलं नसताना.

"दादा, मला आणि माझ्या माणसांना पदरात घ्या."

"माणसं कोणकोण?"

"घरची, मळ्यावरची. आणि माझ्या भावाकडची."

मिग्गिननं तोंडातला घास न गिळताच हात वर केला. "सगळ्यांना क्षमा. जे आले नाहीत त्यांनासुद्धा."

मग तो अरिशातकडे वळला. "तुझं रडणं अजून वरवरचं आहे, पोरी. पुनरुत्थानाच्या सणापर्यंत रड, मग बघू."

सण पुढच्या वसंतात. ती तोवर टिकणार नाही हे आंधळ्यालाही दिसलं असतं. तरी ती रीतीप्रमाणे बेडीचा मुका घ्यायला वाकली, आणि बेडी तिच्या हातात आली. कुलूप कधीच काढलेलं होतं. बायका यायच्या वेळी हा पठ्ठ्या ती स्वतःच पायात अडकवायचा. होनोराताबाई छत न्याहाळू लागल्या. अरिशातनं बेडी पदरानं पुसली आणि लेकराच्या पायात वाळा घालावा तशी त्याच्या पायात परत घातली.

"निसटली होती, दादा," ती म्हणाली.

मला किळस आली. त्याची आली, त्या बाईची आली, आणि इतके दिवस त्याला कोंबड्या नेऊन देणाऱ्या माझ्या हातांचीही आली.

आमच्यात पवित्र भाकरीचा तुकडा घरी नेऊन लाकडी डबीत ठेवतात, रोज सकाळी थोडा खायला. घरी आल्यावर मी माझी डबी उघडली.

"घे."

"ताई, त्यानं हात नाही ठेवला."

"त्याचे हात खरकटे होते. मी ठेवते."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं तुकडा सावकाश चावला, मग तळहातावरचे कण जिभेनं टिपले. द्राक्षं उतरायच्या आत ती गेली.

तिला पुरल्यानंतरच्या रविवारी होनोराताबाईंची माणसं प्रार्थनेला आली. इतकी, की भाकरी पुरेना. त्यातल्या एकानं तर मला विचारलं, इथं नक्की कुठल्या देवाचं काय असतं म्हणून. मी त्याला आत जायला वाट दिली आणि अरिशातच्या पायरीवर उभी राहिले.

भाकरी वाढणारा सेवक बाहेर आला. "कासियाबाई, तुम्ही कधी धूप टाकलात? ही जागा विश्वासातून पडलेल्यांची. आत चला."

"राहू दे," मी म्हटलं. "आत माशांचा वास येतो."