बंद करण्याआधी

बारक्या आता अठ्ठावन्न वर्षांचा होता, पण ताईच्या शिवणदुकानात तो बारक्याच. तरुणपणी त्याने आणि त्याच्या मित्रांनी संगणक चालवणारी स्वतःची प्रणाली लिहिली होती. तिची एकच ऐट होती: काही जतन करावं लागत नसे. टाइप केलेलं अक्षर तिथल्या तिथे कायमचं. काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करावं आणि घरी जावं.

चार वर्षं लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. कचेरीत चाळीस माणसं, खुर्च्या पुरेनात. मग एका बड्या कंपनीने संगणक बनवणाऱ्यांना दम दिला, आमची प्रणाली हवी तर दुसऱ्या कुणाची ठेवू नका. त्यांनी मुकाट माना डोलावल्या. चाळिसाचे बारा झाले, बाराचे दोन, आणि शेवटी दाराला कुलूप बारक्यानेच घातलं.

ती प्रणाली अजून वापरणारी एकटी ताई राहिली. तीस वर्षांची गिऱ्हाइकांची मापं तिच्या त्याच यंत्रात होती. कोणाचा डावा खांदा उतरता, कोणाला कंबर सैल लागते, सगळं. आता ते सुरू होताना दमेकऱ्यासारखं घरघरायचं.

"मापं गेली तर दुकान गेलं रे," ताई म्हणाली.

वैऱ्याची प्रणाली असलेल्या यंत्राला बोट लावणार नाही म्हणणाऱ्या बारक्याने तेच विकत आणलं. महिनाभर खपून एक छोटा प्रोग्राम लिहिला. आपल्या प्रणालीसाठी लिहिलेला तो शेवटचा. काम एवढंच, आतलं सगळं बाहेर काढायचं. मापं सुखरूप आली. जुनं यंत्र त्याने बंद केलं, ते पुन्हा उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईचा फोन. "अरे, सकाळी शाळेच्या बावीस मुली येऊन गेल्या. माप घेतलं की लगेच यंत्रात घालत होते. जेवायला उठताना बटण बंद केलं. आता एक दिसेल तर शपथ!"

"जतन केलं होतंस?"

"म्हणजे काय करायचं असतं?"

तो तसाच पायांत चपला सरकवून दुकानात गेला.

"याला सांगावं लागतं होय, ठेव म्हणून?" ताई करवादली. "तुझं न सांगता ठेवायचं. लाडावून ठेवलंस मला."

बारक्या हसला. मग त्याने कपडे बेतायच्या साच्याच्या कागदाचा एक तुकडा कापला, त्यावर लिहिलं, 'बंद करण्याआधी जतन करा', आणि पडद्याच्या कडेला चिकटवला.

"हे तू लिहितोस?"

"दुसरं कोण लिहिणार, ताई?"

 ताईने गळ्यात टेप अडकवली आणि ती शाळेकडे निघाली. बारक्या वही घेऊन तिच्या मागून गेला.