मधलं कडवं

सावळीराम गांगुर्ड्याला गाता येत नाही, असं कोणाची म्हणायची टाप नव्हती. गळा गोड होता, पेटीवर बोटं सराईत फिरत, आणि नाशिकरोडच्या त्यांच्या वस्तीत दर चौदा एप्रिलला त्याची गायन पार्टी मंचावर बसायची म्हणजे बसायचीच. घोडं अडायचं ते शब्दांपाशी. त्याच्या प्रत्येक गाण्यात एक सूर्य उगवायचा, एक महासागर उसळायचा, आणि क्रांतीच्या मशाली तर इतक्या पेटायच्या की ऐकणाऱ्याला धुरानंच गुंगी यावी. तशी ती आलीही. अठ्ठ्याहत्तर सालच्या जयंतीला पहिल्याच रांगेत त्याची सख्खी आई, भिमाबाई, तोंड उघडं टाकून झोपली. सगळ्या वस्तीनं ते पाहिलं.

घरी आल्यावर त्यानं विचारलं तर म्हातारी सरळ बोलली, "बाबा, तुझा सूर्य उगवला की माझा डोळा लागतो. मी काय करू?"

झालं. तेव्हापासून सावळीरामनं एकच ध्यास घेतला, पुढच्या जयंतीला असं गाणं करायचं की म्हातारी जागी राहिली पाहिजे. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. प्रेसमधली पाळी संपवून घरी यायचा, लेकीची वही मांडीवर घ्यायचा आणि पेन्सिल चावत बसायचा. मार्च उजाडला तरी वहीत एक ओळ नव्हती. पेन्सिल मात्र निम्मी खाऊन झाली होती.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते काही उगाच नाही. त्याची बायको सुलाबाई नांदगावकडची, चौथी शिकलेली, आणि तिला बोलता बोलता ओळी जुळवायची खोड. स्टोव्ह पेटेना की ती स्टोव्हला गाणं म्हणायची. भाकरी फुगली नाही की भाकरीला. लेक छबू रुसली की तिच्या रुसव्यावर चार ओळी, आणि पोर हसायला लागायची. सावळीराम हे सगळं चौदा वर्षं ऐकत होता, म्हणजे खरं तर ऐकत नव्हता. घरातल्या भांड्यांचा आवाज कोण कान देऊन ऐकतं?

एका रविवारी तो दाढी करायला ओट्यावर आरसा लावून बसला होता. समोर आठ घरांचा मिळून एक नळ. सुलाबाईचा हंडा लागला होता, बारीक धार होती, आणि तेवढ्या वेळात काय करायचं म्हणून ती गात होती.

नळाची तोटी फिरवते मी, माझ्या हातानं गं बाई,
माझ्या भीमानं दिलं पाणी, कोणी वरून ओतत नाही.

बाकीच्या बायका हसत हसत मागं म्हणत होत्या. एकीनं मात्र हसता हसता पदर डोळ्याला लावला. नांदगावकडच्या त्या खेड्यात सुला लहानपणी विहिरीपासून लांब, रिकामं मडकं घेऊन, तासन्‌तास उभी राहिली होती. कोणाला दया आली तर वरून पाणी ओतायचं, नाही आली तर नाही. हे सावळीरामला ठाऊक होतं. पण ते गाण्यात येऊ शकतं, नळाच्या तोटीवरून येऊ शकतं, हे त्या माणसाला महासागर पालथा घालूनही सुचलं नव्हतं. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून तो उठला आणि वहीत ओळी उतरवून आला.

दुपारी त्यानं बायकोला विचारलं, आणखी आहे का काही. ती पीठ मळत होती. चौदा वर्षांत त्यानं पहिल्यांदा विचारलं होतं. तिचा चेहरा असा काही उजळला की सावळीरामलाच लाजल्यासारखं झालं. हातातला गोळा तसाच ठेवून तिनं कडवं सांगितलं.

लेक निघाली शाळेला, लाल रिबिन गं बाई,
बसते पहिल्या बाकावरती, दाराशी बसत नाही.

पुढचं कडवंही येतंय म्हणाली, अर्धं जिभेवर आहे, दोन दिवसांत देते. ते दोन दिवस ती नुसती उडत होती. मधूनच यायची आणि विचारायची, लिहिलं ना नीट, रिबिनीचं लिहिलं ना.

मंगळवारी संध्याकाळी घरात तालीम बसली. ढोलकीवर वाळू, सावळीरामचा लहानपणापासूनचा दोस्त, आणि मागं म्हणणारे तिघं. सुलाबाई सगळ्यांना चहा घेऊन आली आणि ट्रे हातात धरूनच दाराशी ऐकत उभी राहिली. ध्रुपद झालं, रिबिनीचं कडवं झालं. मधलं अजून यायचं होतं, म्हणून सावळीरामनं शेवटचं धरलं.

आता या गाण्यांची एक रीत असते. शेवटच्या कडव्यात गाणं करणाऱ्याचं नाव येतं, तिला छाप म्हणतात. लोक त्या नावासाठी कान टवकारून बसतात. सावळीरामनं शेवटचं कडवं स्वतः रचलं होतं आणि सवयीनं गाऊनही टाकलं.

सावळीराम सांगे सर्वांना, गाणं माझं गं बाई,
भीमरायाच्या ऋणामधून कधीच सुटका नाही.

सुलाबाईनं ट्रे खाली ठेवला आणि आत गेली.

त्या दिवसापासून घरातलं गाणं बंद झालं. भांडण नाही, आदळआपट नाही. वेळेवर डबा, वेळेवर चहा. पण स्टोव्ह मुकाट पेटायचा, भाकरी मुकाट फुगायची. नळावर हंडा भरेपर्यंत ती धारेकडे बघत राहायची, आणि ती गात नाही म्हणून बाकीच्या बायकाही गप्प. मधल्या कडव्याचं विचारलं तर म्हणाली, "मला कुठलं सुचतंय? गाणं तुमचं हाय. तुम्हीच जोडा."

सावळीराम आधी चिडला. घरातल्या घरात कसलं आलंय तुझं नि माझं, नवरा-बायकोचं काय वेगळं असतं, असं तो वाळूला तावातावानं सांगायला गेला. वाळूनं ढोलकीची दोरी ताणता ताणता सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं एकच विचारलं. मनमाडच्या त्या पार्टीवाल्यानं तुझ्या गाण्यात स्वतःचं नाव घातलं, तेव्हा तू काय केलं होतंस?

भर स्टेशनावर सावळीरामनं त्या माणसाची कॉलर धरली होती. गाणं चोरणारा आणि पोर चोरणारा एकच, असं म्हणाला होता. आजही त्याच्याशी बोलत नव्हता.

"मग?" वाळू म्हणाला. "आता स्वतःची कॉलर धर की."

तो घरी आला. भिमाबाई ओट्यावर बसली होती. घरात कोणी आजारी आहे का रे, कसं सुनं सुनं वाटतंय, असं तिनं विचारलं. गाणं पडलं तर पडू दे, पण हे घर असंच मुकं राहिलं तर काय करायचं, या विचारानं त्याला रात्रपाळीत मशीनचाही आवाज ऐकू येईना.

उपाय तसा सोपा होता. सावळीरामच्या जागी सुलाबाई घालायचं. चालीत नाव चपखल बसत होतं. फक्त तोंडातून निघत नव्हतं. चौदा वर्षांत त्यानं बायकोचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. ऐकलं का, अगं, नाहीतर छबूची आई. रेशनकार्डाच्या वेळी कारकुनानं पत्नीचं नाव विचारलं तेव्हा या पठ्ठ्यानं न बोलता कागद पुढं सरकवला होता. आणि आता ते दोन हजार माणसांपुढं, कर्ण्यातून घ्यायचं. वस्तीतली टवाळ मंडळी त्याला बैल म्हणणार होती, बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणणार होती, आणि ते वर्षभर पुरणार होतं. कामावर जाताना सायकलवर तो सराव करायचा, सुलाबाई, सुलाबाई. एकदा जेलरोडला एक अनोळखी बाई वळून बघायला लागली, तेव्हा त्यानं पायडल असं हाणलं की थेट प्रेसच्या गेटापाशी थांबला.

चौदा एप्रिल उजाडला. संध्याकाळी विहारापुढचं मैदान निळ्या पताकांनी भरलं. डावीकडं बायका. त्यांत भिमाबाई, मांडीशी छबू, आणि जरा मागं सरकून सुलाबाई. ती आली होती, पण सासूला सोबत म्हणून आली होती, हे तिच्या बसण्यावरूनच कळत होतं.

सावळीरामनं पेटी उघडली. नळाची तोटी म्हणताच नळावरच्या बायकांनी एकमेकींना कोपरखळ्या मारल्या, आणि दुसऱ्या वेळी त्या मोकळ्या आवाजात मागं म्हणायला लागल्या. म्हातारी टक्क जागी होती. रिबिनीच्या कडव्याला तर तिनं छबूला उचलून उभंच केलं. गाणं चढलं होतं. एवढ्यावर थांबला असता तरी त्या सालची जयंती त्यानं जिंकली होती.

पण शेवटचं कडवं आलं. त्यानं डोळे मिटले आणि सूर लावला.

सुलाबाई सांगे सर्वांना, गाणं तिचं गं बाई...

मागच्या तिघांना काय ठाऊक? त्यांनी सवयीनं सावळीराम म्हणून टाकलं. नुसता गोंधळ. मैदानात हशा पिकला. सावळीरामनं पेटीवरचा हात उचलला, वाळूची ढोलकी थांबवली, आणि मागं वळून, कर्ण्यातून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सावळीराम नाही. सुलाबाई. माझी बायको. गाणं तिचं आहे, मी चोरलं होतं."

हशा जागच्या जागी विरला. त्यानं ओळ पुन्हा घेतली, आणि या वेळी तिघांनी बरोबर म्हटली. बायकांनीही म्हटली. त्याला डावीकडं बघायचं धाडस होईना. गाणं संपवायला त्यानं पेटीचा भाता दाबला, तोच बायकांतून आवाज आला, रोजच्या स्वयंपाकघरातला, साधा.

"अहो, मधलं राहिलं."

सुलाबाई उठलीबिठली नाही. बसल्या जागी तिनं पदर सारखा केला आणि सूर धरला. म्हणजे कडवं तिच्यापाशी होतंच, इतके दिवस होतं. कर्णा नाही, काही नाही, तरी मैदानाच्या टोकापर्यंत शब्द न्‌ शब्द पोचला.

माय माझी अंगठेवाली, सही माझी गं बाई,
नाव माझं मीच लिहिते, दुसरं कोणी लिहीत नाही.

वाळूनं हसत ढोलकी उचलली. मागच्या तिघांनी सावळीरामकडं पाहिलं, आता मागं कोण म्हणणार? सावळीरामनं पेटी धरली आणि बायकोच्या मागं ओळ घेतली. एकदा घेतली, दुसऱ्यांदा घेतली. तिसऱ्यांदा त्याच्यानं गाववेना, तेवढी वाळूनं म्हटली.