नेलपॉलिशच्या बाटल्या आणि काडेपेटी

शिवणयंत्राचं तेल भरायला थोरल्या जावेला नेलपॉलिशच्या रिकाम्या बाटल्याच लागत. झाकणाचा ब्रश सांदीकोपऱ्यात पोचतो ना! स्वयंपाकघरात वाडगाभर रिमूव्हर घेऊन ती त्या धूत होती. चार दिवस अबोला धरलेली धाकटी जाऊ आली, चहाचं आधण ठेवलं आणि काडेपेटी उचलली. सर्दीने नाक चोंदलेलं, तिला वास येणार कुठून?

“काडी ओढू नकोस!” थोरली ओरडली.

“आता चहालाही तुमची परवानगी?” धाकटीने मुद्दाम काडी पेटीला टेकवली.

झेप घेऊन थोरलीने काडीसकट धाकटीची मूठ आवळली.

“अगं, भडका उडेल! वाडग्यात रिमूव्हर आहे.”

धाकटीने काडेपेटी खाली ठेवली. “ताई, मला वाटलं...”

थोरलीने खिडकी सताड उघडली. वाडगा उचलून तिने बाहेर नेऊन ठेवला.