लाल टोपी

तीन वर्षं मी कॉटनवूडच्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात होतो आणि माझा गणवेश एकदाही मळला नाही. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू घेऊन डाव चालवणारा, ट्रे हॅगमन होता. मी राखीव. लाल टोपी घालून रेषेबाहेर उभं राहायचं आणि कोच सांगतील तो डाव ट्रेला हातवारे करून कळवायचा, एवढंच माझं काम. उजवा हात कानाला लावला की डाव उजवीकडे, डावा लावला की डावीकडे. अख्खं गाव मला 'टोपी' म्हणायचं. सुरुवात माझ्या सख्ख्या बहिणीने केली होती.

त्या शुक्रवारी ट्रेचा गुडघा गेला. कोच लिंडक्विस्टनी माझी टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर चढवली.

"जा, व्होंड्रा."

"मी?"

"नाही, तुझी आजी! पळ!"

मैदानातून पाहिलं, तर कोचचा हात कानाला. पण कुठला? मला तो डाव्या बाजूला दिसला, म्हणून मी डावीकडे पळालो. घाईत पोरांना डाव सांगायचाच विसरलो होतो; त्यांनी कोचचा हात स्वतःच वाचला आणि ती सगळी उजवीकडे गेली. समोरचा संघही तिकडेच धावला, कारण आमचे हातवारे त्यांनी कधीच ओळखले होते. माझ्यापुढे नुसतं गवत! शेवटची रेषा ओलांडली आणि चेंडू पोटाशी धरून वेड्यासारखा उभा राहिलो. लोक ओरडत होते, ते शिव्या देतायत की आणखी काही, तेही कळेना.

आम्ही जिंकलो. "काय डोकं चालवलंस रे टोपी!" म्हणत बूमरने पाठीत धपाटा घातला. बूमर म्हणजे मला चेंडू देणारा आमचा हत्ती.

कोचना मी खरं सांगितलं. "कोच, मी तुमचा हात उलटा वाचला."

त्यांनी टोपी डोक्यावर घट्ट ओढली. "पुढच्या शुक्रवारी पहिल्यापासून तूच खेळायचंस. आणि हे कोणाला बोलू नकोस."

आईने त्या रात्री खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल केले. पेट्रोलपंपावरचे म्हातारे हात मिळवायला लागले. मला चीडच आली. ही माणसं तीन वर्षं कुठे होती? आणि हे कौतुक माझं, की माझ्या गोंधळाचं? सरावात तर पार वाट लागली. मला दिसणारी बाजू खरी की कोचची, या विचारात मी दोन्हीकडे चुकायचो. एकदा थेट बूमरच्या पोटात शिरलो.

"मी काय दरवाजा आहे का रे?" तो खेकसला.

ट्रे गुडघ्याला पट्टे बांधून कडेला बसायचा. नुसता बघत राहायचा. मला वाटायचं, मनातल्या मनात हसत असणार.

शुक्रवारी त्याने कोचकडून टोपी मागून घेतली आणि रेषेबाहेर स्टुलावर बसला. मी पहिला डाव विचारायला वळलो, तर त्याने स्टूल फिरवून मैदानाकडे पाठ केली.

"हॅगमनचं पोर रुसलं," प्रेक्षकांतून कोणीतरी म्हणालं. माझंही डोकं फिरलं.

मग त्याचा हात कानाला गेला. उजवा. माझ्याही उजव्या बाजूला. यात उलटं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तीन वर्षं माझे हात तो समोरून बघत होता, प्रत्येक वेळी मनात उलटे करून घेत होता, आणि मला एका शब्दाने बोलला नव्हता. मी पोरांकडे वळलो.

"टोपी, सांगतोस ना?" बूमर गुरगुरला.

"उजवीकडे," मी म्हणालो.