चुकीच्या नावाने शोध

मी वैद्यकीय कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. एखाद्या उपचारावर आजवर झालेला सगळा अभ्यास डॉक्टरांना गोळा करायचा असला, की शोधाची मांडणी मी करून देते. आजाराची सगळी नावं ‘किंवा’ने जोडायची, उपचारांचीही तशीच, मग दोन्ही गठ्ठे ‘आणि’ने बांधायचे. आधीपासून माहीत असलेले लेख त्यात सापडले, तरच मांडणी धड. दादाच्या मते हे नुसतं टाइपिंग.

वहिनीच्या हातापायांतली ताकद चाललीय. तिच्या शिलाई मशीनवर चादर पडलीय. तिच्या आजारासाठीही मी असाच शोध घेतला. माहीत होते ते सगळे लेख आले, पण गुण आलेलं औषध एकातही नव्हतं. मी तसं सांगितल्यावर दादा माझ्यावरच उखडला. कुठलातरी शब्द राहिला असणार म्हणे. माझं काम चुकलेलं निघावं असं मला जन्मात पहिल्यांदा वाटत होतं, आणि ते मेलं चुकत नव्हतं.

रविवारी त्याने मला त्यांच्या घरी लॅपटॉपपुढे बसवलंच. वहिनी पलंगावरून बघत होती. पहिल्या डॉक्टरांनी या आजाराला भलतंच नाव देऊन कितीतरी महिने गोळ्या चारल्या होत्या. ते नाव टाक, असा दादाचा हेका. चुकीच्या नावाने कोण शोधतं, असं पुटपुटत मी ते टाकलं.

एक लेख नवा आला, अगदी ताजा, मथळ्यात आणि सारांशात फक्त तेच चुकीचं नाव असलेला. एकाच रुग्णाची हकीकत होती. शिवणकाम करणारी बाई, आधी चुकीचं निदान, मग हाच आजार, आणि औषध तेच, जे वहिनी सध्या घेत होती.

दादाचा चेहरा असा खुलला की मला बघवेना. “बुटके, बघ, अगदी हिच्यासारखीच आहे कुणीतरी. खाली वाच. गुण आला का तिला?”

मी खालचं आधीच वाचलं होतं.

“अहो, ती मीच आहे,” वहिनी म्हणाली. “मोठ्या डॉक्टरांनी माझी सही घेतली होती, छापायला. काय लिहिलंय हो वन्सं?”

वहिनीला हे औषध देणारे मोठे डॉक्टर आम्हाला अजून थोडा धीर धरा म्हणत होते. लेखात त्यांनी लिहिलं होतं की औषधाचा काहीही उपयोग झाला नाही. मी तेवढंच वाचून दाखवलं.

वहिनीने नुसती मान हलवली. दादाने टेबलावरची त्याच औषधाच्या गोळ्यांची पट्टी उचलली.

“दुपारची द्यायची राहिलीय,” तो मला म्हणाला. “देऊ का?”