ताईचं उजवं

"डावीकडे घे," मी म्हटलं, आणि ताईने हातातलं पातेल्याचं झाकण झोकात उजवीकडे फिरवलं.

"झालं! घातलीस गाडी दुकानात."

"तू आधी नीट सांग. तुझं डावं की माझं?"

"जगाचं डावं, ताई. उद्या परीक्षेचा साहेब जगाचं विचारणार आहे."

ती हसली, पण झाकण काही खाली ठेवलं नाही. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर ती ताठ बसली होती आणि पायाखाली खरोखरचा ब्रेक असावा तसा उजवा पाय जमिनीवर दाबून धरला होता.

ही गोष्ट फार जुनी आहे. त्या स्वयंपाकघरातल्या तिघींपैकी आता मी एकटीच उरले आहे. पण ते झाकण आणि तो दाबलेला पाय मला आजही जसाच्या तसा दिसतो.

ताई दवाखान्यात नर्स होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जायचं, जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, हे तिचं काम. दवाखान्याची गाडी चालवणारे काका निवृत्तीला आले आणि त्यांच्या जागी दुसरा माणूस मिळेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही शिकाऊ लायसन्स काढा. जायच्या आधी काका तुम्हाला शेजारी बसून तयार करतील. ते नाही जमलं तर घरी जाणं बंद करावं लागेल. मग तुम्ही औषधांच्या खिडकीत बसा."

ताईला औषधांच्या खिडकीत बसवणं म्हणजे गवयाला तिकिटं फाडायला बसवण्यासारखं होतं. "पाठीला जखमा झालेली माझी माणसं काय खिडकीपुढे रांगेत येऊन उभी राहणार आहेत?" असं म्हणून ती दोन दिवस जेवताना कुणाशी बोलली नव्हती.

एकदा ती परीक्षेला जाऊनही आली होती. नियम तोंडपाठ होते. पण डाव्या-उजव्याची चित्रं समोर आली आणि सगळं घसरलं.

ताई जन्माची डावखुरी. शाळेतून तक्रार आली, तेव्हा आईने जुन्या चादरीची पट्टी फाडली आणि तिचा डावा हात खुर्चीच्या पाठीला बांधून टाकला. रोज संध्याकाळी, अभ्यास संपेपर्यंत. ताई उजव्या हाताने लिहायला शिकली, अक्षर मोत्यासारखं झालं. पण कुठला हात आपला आणि कुठला आईने लावून दिलेला, हे तिच्या डोक्यात कायमचं उलटसुलट होऊन बसलं. घाईने "उजवा कुठला?" विचारलं, की तो बांधलेला हातच आधी वर यायचा. आमच्या घरात कुणी रस्ता चुकलं, की "ताईच्या उजवीकडे गेलास वाटतं!" अशी चेष्टा व्हायची. तीही त्यात हसायची. कामात मात्र तिची कधी चूक झाली नाही, कारण तिथे ती डावा-उजवा म्हणायचीच नाही. "हा पाय," असं म्हणून दुखऱ्या पायावर अलगद हात ठेवायची.

आई त्या संध्याकाळी कोपऱ्यात शेंगा सोलत बसली होती.

"आई, तू तरी सांग ना हिला काहीतरी," मी वैतागून म्हटलं.

"मी काय सांगू?" आई शेंगेवरची नजर न काढता म्हणाली. "मी सांगितलेलंच निस्तरतेय ती अजून."

सकाळी आम्ही निघालो, तेव्हा आई दारात उभी होती. तिच्या हातात पांढऱ्या कापडाची पट्टी होती.

"हात दे."

ताईने डावा हात पुढे केला. विचार न करता, लहानपणी करायची तसाच. आई क्षणभर थांबली.

"तो नव्हे. दुसरा."

उजव्या मनगटाला दोन वेढे देऊन तिने गाठ मारली. "हा उजवा. त्याने विचारलं की इकडे बघायचं."

"आई, किती आवळतेस!"

"राहू दे. सैल राहिलं तर वाटेत गळून पडेल."

परीक्षेच्या खोलीत मी दाराशी उभी राहिले. भिंतीवर खुणांचा मोठा तक्ता होता आणि साहेबाच्या हातात छडी. ताईचा नंबर आला. छडी वर जाता जाता थांबली.

"हाताला काय झालंय? लागलंय का?"

'हो' म्हणाली असती तर चाललं असतं. नर्सच्या हातावरच्या पट्टीवर कुणी संशय घेतला असता?

"नाही," ताई म्हणाली.

"मग सोडा ते. हातावर खुणा बांधून यायचं नसतं इथे."

मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. ताईचे कान लाल झाले. गाठ सुटता सुटेना, शेवटी तिने दातांनी सोडवली, पट्टीची घडी केली आणि मांडीवर ठेवली. मला वाटलं, संपलं. आता खिडकीच.

छडी एका चित्रावर टेकली. "बोला."

ताईने सवयीने खाली पाहिलं. पट्टी नव्हती, पण मनगटावर तिचा लालभडक वळ उमटला होता.

"उजवीकडे वळायला मनाई," ती म्हणाली.

"हे?"

"पुढे डावं वळण."

छडी तक्त्यावर फिरत राहिली. ताई प्रत्येक वेळी एकदा खाली बघायची आणि बोलायची. एकही चुकलं नाही.

घरी पोचलो, तर आई तिथेच दारात उभी.

"झालं?"

"झालं," ताई म्हणाली. "सोमवारपासून काका शिकवणार."

आईने मान हलवली. मग ताईचा हात ओढून आपल्या हातात घेतला आणि अंगठ्याने मनगट हळूहळू चोळायला लागली.

"फार घट्ट बांधला का गं मी?"

तिने डावा हात धरला होता. वळ तर उजव्यावर होता. मी सांगायला तोंड उघडलं, पण ताईने डोळ्यांनीच मला गप्प केलं.

"नाही गं," ती आईला म्हणाली. "आता नाही दुखत."